भूकंपलहर कुठल्या दिशेने जास्त झिजते? नवख्यांसाठी मोजमापाची वाट

खडकातून जाताना लहर झिजते, हे भूभौतिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं. ती सगळ्या दिशांना सारखी झिजत नाही, हे मात्र बहुतेकांनी नुसतं ऐकलेलं असतं. प्रत्यक्ष डेटा समोर आला की सुरुवात कुठून करायची, तेच कळत नाही. हा लेख त्या सुरुवातीसाठी आहे. लॉगरिदम, सरळ रेषेचा उतार आणि थोडंसं पायथॉन (किंवा स्प्रेडशीटही चालेल) एवढं येत असेल तर पुरे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. झिजेचा ‘खरा’ आकडा काढण्याच्या नादी लागू नका. एका दिशेच्या तुलनेत दुसऱ्या दिशेला झीज किती जास्त, एवढंच काढा. खऱ्या आकड्यात जिओफोन (जमिनीची थरथर टिपणारं यंत्र), लहरीचा स्रोत, पृष्ठभागाजवळचा मुरूम असं सगळं मिसळलेलं असतं. त्यातलं बरंचसं सगळ्या दिशांना समान असतं आणि वजाबाकीत निघून जातं. ब्रिटनच्या शेटलंड बेटांच्या पश्चिमेला समुद्राखाली क्लेअर नावाचं तेलक्षेत्र आहे, डेव्होनियन या जुन्या भूकाळातल्या भेगाळलेल्या वालुकाश्मातलं. तिथल्या एका विहिरीत वेगवेगळ्या दिशांनी नोंदी घेऊन पी-लहरींची (दाबाच्या लहरींची) झीज तपासली गेली आणि ते काम २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. दिशेनुसार बदलणारी झीज त्यात दिसली, ती तेलाच्या साठ्याच्या थरापुरतीच दिसली, आणि त्यावरून काढलेली भेगांची दिशा भूवैज्ञानिक माहितीशी जुळली. झिजेचे अचूक आकडे हाताशी नसतानाही हे जमलं, कारण मोजला होता तो फरक.

मोजायचं काय

जिओफोनवर आयाम (लहरीच्या डोलण्याची उंची) कमी दिसला म्हणजे खडकाने ऊर्जा खाल्ली, असं नाही. लहर पसरत जाते तशी तिची ऊर्जा मोठ्या पृष्ठभागावर वाटली जाते. थराच्या प्रत्येक सीमेवर काही भाग परत फिरतो. लहानसहान विषमतेवर आपटून काही भाग इकडेतिकडे विखुरतो. उरलेल्यातला काही भाग खरोखर उष्णतेत जातो. कणांमधलं घर्षण आणि छिद्रांतल्या पाण्याची हालचाल ही त्याची मुख्य कारणं. पहिल्या दोन गोष्टी सगळ्या वारंवारितांना साधारण सारख्याच लागू होतात. शेवटच्या दोन वरच्या वारंवारितांना जास्त कापतात. म्हणून नुसत्या आयामाकडे न बघता आपण स्पेक्ट्रम बघतो, म्हणजे कुठल्या वारंवारितेला किती आयाम आहे ते.

झीज मोजण्याचं माप म्हणजे क्यू, गुणवत्ता-गुणांक. क्यू मोठा तर झीज कमी. सूत्र असं:

आयाम = मूळ आयाम × ई^(−पाय × वारंवारिता × प्रवासकाळ ÷ क्यू)

यात पाय म्हणजे ३.१४१६ आणि ई म्हणजे २.७१८. आकडे घालून बघा. प्रवासकाळ ०.२ सेकंद आणि क्यू ४० असेल तर १० हर्ट्झचा आयाम मूळच्या ०.८५ उरतो, ५० हर्ट्झचा ०.४६. क्यू २५ असेल तर हेच आकडे ०.७८ आणि ०.२८ होतात. १० हर्ट्झला दोन खडकांतला फरक जेमतेम जाणवतो, ५० हर्ट्झला तो डोळ्यांत भरतो. पुढची सगळी पद्धत याच गोष्टीवर उभी आहे.

अजून एक अंदाज मनात ठेवायला बरा: क्यू ४० असलेल्या खडकात लहर प्रत्येक तरंगलांबीमागे सुमारे १५ टक्के ऊर्जा गमावते. वेग सेकंदाला ३,००० मीटर आणि वारंवारिता ५० हर्ट्झ धरली तर तरंगलांबी ६० मीटर. म्हणजे दर ६० मीटरला १५ टक्के.

दिशा कुठून येते

खडकात काहीतरी रांगेत लागलेलं असलं की दिशाभेद येतो. कधी ते शेलमधले चपटे चिकणमातीचे कण असतात, कधी एकावर एक रचलेले पातळ थर, कधी एकाच दिशेला उघडलेल्या भेगा. यातल्या पाण्याने भरलेल्या भेगा झिजेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या.

पावसाळ्यात अंगणातली सुटलेली फरशी आठवा. तिच्यावर पाय दिला की खालचं पाणी कडेने पचकन बाहेर येतं. फरशीला कडेने ढकललं तर पाणी जागचं हलत नाही. भेगेचंही तसंच. लहर भेगेला काटकोनात आली तर भेग दाबली जाते, पाणी शेजारच्या छिद्रांत ढकललं जातं, आणि त्या ओढाताणीत ऊर्जा खर्ची पडते. लहर भेगेला समांतर गेली तर दाब फारसा पडत नाही, पाणीही फारसं हलत नाही. म्हणून पी-लहरीची झीज भेगांना काटकोनात जास्त आणि समांतर कमी, असा साधारण नियम.

यात वारंवारितेचा खेळ आहे, तो लक्षात घ्या. लहर फार संथ असेल तर पाण्याला दाब सारखा करून घ्यायला भरपूर वेळ मिळतो. फार जलद असेल तर पाण्याला हलायलाच वेळ मिळत नाही. दोन्ही टोकांना झीज कमी, मध्ये कुठेतरी सर्वाधिक. भेग जितकी मोठी, तितकी ही मधली जागा खालच्या वारंवारितेकडे सरकते. म्हणून प्रयोगशाळेत अल्ट्रासॉनिक लहरींनी, म्हणजे मेगाहर्ट्झच्या आसपास, मोजलेली झीज उचलून ३० हर्ट्झच्या क्षेत्रीय डेटाला लावू नये. तिथे बारीक चिरा बोलतात, इथे मीटरभर लांबीच्या भेगा.

वेगातही दिशाभेद असतोच, मग झिजेच्या मागे का लागायचं? कारण झिजेतला फरक वेगातल्या फरकाच्या कितीतरी पट असू शकतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्सच्या संशोधकांनी २००७ मध्ये फिनॉलिक या थराथराच्या कृत्रिम पदार्थावर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात संथ दिशेकडून, म्हणजे थरांना काटकोनात असलेल्या दिशेकडून, थरांच्या पातळीकडे जाताना पी-लहरीचा क्यू दहापटीहून जास्त वाढला. वेगातला फरक त्यापुढे अगदीच किरकोळ होता.

‘संथ दिशा तीच झिजवणारी दिशा’ हे सूत्र मात्र डोळे मिटून वापरू नका. पृथ्वीच्या अंतर्गाभ्यातून आरपार जाणाऱ्या लहरी ध्रुवांना जोडणाऱ्या दिशेने वेगाने जातात आणि त्याच दिशेने जास्त झिजतात, असं सूरिओ आणि रोमानोविच यांनी १९९६ मध्ये दाखवलं. तिथे ना पाण्याच्या भेगा आहेत, ना शेल. कारण वेगळं तर नियमही वेगळा.

पहिली पायरी: मांडणी निवडा

तीन वाटा आहेत.

प्रयोगशाळेत कोअरमधून, म्हणजे विहिरीतून काढलेल्या खडकाच्या नमुन्यातून, तीन दंडगोल कापता येतात: थरांना काटकोनात, समांतर आणि ४५ अंशांत. तिरका तुकडा टाळू नका. त्याच्याशिवाय मधल्या कोनांबद्दल काही बोलता येत नाही. तुलनेसाठी तेवढ्याच आकाराचा ॲल्युमिनियमचा तुकडा घ्या. ॲल्युमिनियमचा क्यू खडकाच्या मानाने इतका प्रचंड आहे की त्याची झीज शून्य धरली तरी बिघडत नाही. खडकाचा स्पेक्ट्रम भागिले ॲल्युमिनियमचा स्पेक्ट्रम केलं की ट्रान्सड्यूसरचा (लहर सोडणाऱ्या आणि टिपणाऱ्या यंत्राचा) स्वभाव आपोआप बाद होतो. दोन्ही तुकड्यांची टोकं सारखीच घासलेली हवीत आणि चिकटवायचं जेल सारखंच हवं. इथला आळस पुढे कुठल्याच गणिताने भरून निघत नाही.

भूकंपांच्या नोंदी वापरणं ही दुसरी वाट. स्वस्त, पण स्रोत तुमच्या हातात नाही, आणि वेगवेगळ्या दिशांनी येणारे भूकंप वेगवेगळ्या खोलीवरचे असतात. नवख्याने इथून सुरुवात करू नये, असं माझं मत.

तिसरी आणि शिकायला सर्वांत चांगली वाट व्हीएसपीची (व्हर्टिकल सिस्मिक प्रोफाइलिंग): जिओफोन विहिरीत वेगवेगळ्या खोलीवर, स्रोत जमिनीवर किंवा समुद्रावर. एकच स्फोट दोन खोल्यांवर नोंदला गेला की स्रोताचा स्पेक्ट्रम भागाकारात निघून जातो. दिशाभेद हवा असेल तर विहिरीभोवती वेगवेगळ्या दिशांना, पण सारख्याच अंतरावर, स्रोत हवेत. अंतर सारखं नसेल तर लहरीचा उभा कोन बदलतो आणि तो बदल आडव्या दिशेचा आहे असं वाटून फसगत होते.

स्रोत विहिरीच्या तोंडाशीच असेल तर काय? लहर सरळ खाली जाईल. उभ्या भेगा कुठल्याही दिशेच्या असल्या तरी ती त्यांना समांतरच. त्यामुळे पी-लहरीच्या झिजेत दिशाभेद दिसणारच नाही. लहर उभ्या रेषेपासून निदान ३० अंश तिरपी यावी इतकं अंतर ठेवा. मांडणी ठरवताना हा हिशेब राहून गेला तर पुढचं सगळं काम फुकट जातं.

दुसरी पायरी: डेटा हाताळताना काय करू नये

डेटा प्रोसेसिंगमधून आलेला असेल तर आधी विचारा की एजीसी, म्हणजे आयाम आपोआप सारखा करणारी प्रक्रिया, लावली आहे का. लावली असेल तर तो डेटा परत करा. डिकॉन्व्होल्यूशन केलेला डेटाही नको. ती प्रक्रिया झिजलेल्या वरच्या वारंवारिता उचलून धरते, आणि आपल्याला नेमकी तीच झीज मोजायची आहे. संपूर्ण ट्रेसला एकाच आकड्याने गुणलेलं असेल तर हरकत नाही. त्याने स्पेक्ट्रम वरखाली होतो, उतार बदलत नाही.

मग खाली जाणारी लहर वर परतणाऱ्या लहरींपासून वेगळी करा आणि पहिल्या आगमनाभोवती खिडकी ठेवा. खिडकीची लांबी हा या कामातला सर्वांत नाजूक निर्णय. २०० मिलिसेकंदांची खिडकी घेतली तर वारंवारितेत ५ हर्ट्झपेक्षा बारीक काही दिसत नाही. १० ते ५० हर्ट्झच्या पट्ट्यात मग जेमतेम नऊ स्वतंत्र बिंदू मिळतात, टेपर लावल्यावर (खिडकीच्या कडा हळूहळू शून्यावर आणल्यावर) त्याहून कमी. शून्यं जोडून स्पेक्ट्रम गुळगुळीत दिसतो, पण त्याने नवी माहिती येत नाही. खिडकी लांब केली तर बिंदू वाढतात, पण मागून येणारी परावर्तनं आत शिरतात आणि स्पेक्ट्रमला खाचा पडतात. खिडकी काहीही ठेवा, सगळ्या दिशांना आणि सगळ्या खोल्यांना तीच ठेवा.

पहिल्या आगमनाच्या आधीच्या शांत भागावर तेवढ्याच लांबीची खिडकी लावून गोंगाटाचाही स्पेक्ट्रम काढा. जिथे संकेत गोंगाटाच्या निदान तिप्पट आहे, तेवढाच पट्टा वापरायचा. हा पट्टा दिशेदिशेला वेगळा निघेल. सगळ्यांना समान असलेला भागच घ्या. एका दिशेला १०–६० आणि दुसऱ्या दिशेला १०–३५ हर्ट्झ असं घेतलं तर तुम्ही दिशाभेद नाही, पट्टाभेद मोजता.

तिसरी पायरी: स्पेक्ट्रमचा भागाकार

खालच्या जिओफोनचा स्पेक्ट्रम भागिले वरच्याचा, मग त्याचा नैसर्गिक लॉग. आलेख काढा: आडवी वारंवारिता, उभा लॉग. सगळं ठीक असेल तर खाली उतरणारी सरळ रेषा मिळते.

क्यू = पाय × दोन जिओफोनांमधला प्रवासकाळ ÷ उताराची संख्या

आपल्या उदाहरणात १० हर्ट्झला लॉग −०.१५७ आणि ५० हर्ट्झला −०.७८५. उतार हर्ट्झमागे −०.०१५७. प्रवासकाळ ०.२ सेकंद, म्हणजे ०.६२८ ÷ ०.०१५७ = ४०.

दोन जिओफोन किती लांब घ्यायचे? शेजारशेजारचे घेऊ नका. ३,००० मीटर वेगात १५ मीटर अंतर म्हणजे ५ मिलिसेकंद. तेवढ्यात १० ते ५० हर्ट्झमध्ये लॉगचा फरक पडतो ०.०१६, म्हणजे दीड टक्का. जिओफोन विहिरीच्या भिंतीला जरा सैल चिकटला तरी याहून मोठा फरक पडतो. ६०० मीटर अंतर घेतलं तर तोच फरक ०.६३ होतो, आणि ५० हर्ट्झचा आयाम १० हर्ट्झच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर येतो. अर्थात अंतर वाढवलं की मधले सगळे थर एकत्र मोजले जातात. साठ्याचा थर २०० मीटर जाडीचा असेल तर ६०० मीटरच्या जोडीने त्याच्याबद्दल फार काही कळत नाही. थराच्या आतबाहेरच्या अनेक जोड्या घेऊन, खोलीनुसार उताराचा आलेख काढून, तो कुठे वाकतो ते बघणं हा यातला व्यवहार्य मार्ग.

चौथी पायरी: क्यू नव्हे, १/क्यू

समजा वरचा उतार ०.०१५७ आला आणि त्यात ०.००४ ची चूक आहे. मग क्यू एका टोकाला ३२, दुसऱ्या टोकाला ५४. मधला ४०. खाली ८, वर १४: चूक दोन्ही बाजूंना सारखी नाही. उतार अजून थोडा कमी असता तर क्यू शंभराच्या पलीकडे गेला असता, शून्य ओलांडला तर ऋण. असे आकडे घेऊन सरासरी काढली तर एकच वेडावाकडा बिंदू सगळा निकाल फिरवतो.

१/क्यू घेतलं की हे संपतं. इथे ते ०.०२५, चूक ०.००६४, दोन्ही बाजूंना सारखी. सरासरी, आलेख, रेषा बसवणं सगळं १/क्यूवर करा. एखाद्या जोडीचं १/क्यू ऋण आलं तर ते फेकूनही देऊ नका. ऋण तेवढे गाळले की उरलेल्यांची सरासरी आपोआप वर सरकते.

पाचवी पायरी: दिशेवर मांडणी

समजा सहा दिशांना मोजलं आणि १/क्यू असे आले: उत्तरेला ०.०२८, मग उत्तरेकडून पूर्वेकडे ३० अंशांना ०.०३६, ६० ला ०.०४०, ९० ला ०.०३६, १२० ला ०.०२८, १५० ला ०.०२४. हे आकडे मी सरावासाठी मुद्दाम स्वच्छ घेतले आहेत. भेगा १८० अंशांनी फिरवल्या तरी तशाच दिसतात, म्हणून बसवायचं वक्र दुप्पट कोनाचं:

१/क्यू = अ + क × कॉस(२ × दिशा) + ड × साइन(२ × दिशा)

अ, क, ड यांच्यात हे साधं रेषीय समीकरण आहे. नमपायच्या (पायथॉनच्या गणिती संचाच्या) लीस्ट-स्क्वेअर्सने एका ओळीत सुटतं. उत्तर: अ = ०.०३२, क = −०.००४, ड = ०.००६९. चढउताराचं माप म्हणजे क आणि ड यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, ०.००८.

आता दिशा. ड ÷ क चा आर्कटॅन काढून निम्मा करायचा. इथे थांबा. कॅल्क्युलेटरवरचा साधा आर्कटॅन −६० अंश देतो, त्याचा निम्मा −३०, म्हणजेच १५० अंश. आकड्यांकडे परत बघा: १५० ला झीज सर्वांत कमी आहे! बरोबर उत्तर ६० अंश. साध्या आर्कटॅनला दोन्ही संख्यांची चिन्हं वेगवेगळी कळत नाहीत, आणि निम्मा करताना ती चूक नेमकी ९० अंशांची होते. भेगांची दिशा आणि तिची काटकोनी दिशा यांची अदलाबदल. विहीर कुठल्या दिशेला तिरपी खोदायची हे या आकड्यावर ठरणार असेल, तर ही बारीकशी चूक महागात पडते. दोन संख्या वेगवेगळ्या घेणारा आर्कटॅन२ वापरा, आणि तरीही उत्तर मूळ आकड्यांवर ठेवून डोळ्यांनी पडताळा.

सर्वाधिक झीज ६० अंशांना, म्हणजे वरच्या नियमाने भेगा १५० अंशांच्या रोखाने.

यात चूक किती? प्रत्येक १/क्यूमध्ये ०.००६४ ची चूक असेल आणि दिशा सहा सारख्या अंतरावर असतील, तर क आणि ड मध्ये प्रत्येकी सुमारे ०.००३७. चढउतार ०.००८ म्हणजे चुकीच्या दुपटीहून थोडा जास्त, आणि दिशेतली चूक सुमारे १३ अंश. ठीक, पण छाती ठोकून सांगण्यासारखं नाही. दिशा वाढवा. जिओफोनांच्या जोड्या वाढवूनही फायदा होतो, फक्त त्या जोड्यांत तेच तेच जिओफोन पुन्हा येत असतील तर त्यांना स्वतंत्र मोजणी धरू नका.

सहावी पायरी: हा दिशाभेद खरा कशावरून

ही पायरी बहुतेक जण घाईत उरकतात. खरं तर सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला हवा.

पहिली तपासणी फुकटातली आहे. ६० अंशांना आणि २४० अंशांना झीज सारखी आहे का? भेगांमुळे असेल तर सारखी असायलाच हवी. थर तिरके असतील तर एका बाजूला लहर चढावर, दुसऱ्या बाजूला उतारावर भेटते आणि आलेखात दुप्पट कोनाऐवजी एकेरी कोनाचा चढउतार येतो. दोन्ही वक्रं बसवून बघा. एकेरी मोठा आला तर भेगांचं नाव काढू नका, आधी थरांचा उतार नीट करा.

दुसरी तपासणी एस-लहरींची, म्हणजे प्रवासाच्या दिशेला काटकोनात डोलणाऱ्या लहरींची. दिशाभेद असलेल्या खडकात एस-लहर दुभंगते आणि जलद भाग सहसा भेगांना समांतर डोलतो. तीन घटकांचा जिओफोन असेल तर ही दिशा स्वतंत्रपणे काढता येते. झिजेवरून काढलेली १५० आणि एस-लहरीवरून काढलेली १५० जवळपास जुळली तर निकालात दम आहे. विहिरीच्या भिंतीच्या इमेज लॉगमध्ये (भिंतीच्या चित्रनोंदीत) भेगा दिसत असतील तर तिसरा साक्षीदार.

तिसरी तपासणी वेग आणि झीज यांच्या नात्याची. झिजणाऱ्या खडकात वरच्या वारंवारितेची लहर जराशी जलद जाते. ते टाळता येत नाही. क्यू ३० असेल तर ३० हर्ट्झ आणि सॉनिक लॉगच्या (विहिरीत खोलीनुसार मोजलेल्या वेगाच्या नोंदीच्या) १० किलोहर्ट्झ यांत वेगाचा फरक सुमारे ६ टक्के येतो. तुम्ही क्यू ३० म्हणता आणि सॉनिक लॉग व व्हीएसपी यांचे वेग तंतोतंत जुळतात, असं असेल तर कुठेतरी पाणी मुरतंय.

चौथी गोष्ट विखुरण्याची, आणि इथे आपल्याकडचा दगड चांगला धडा देतो. दख्खनचा बेसाल्ट एकसंध नाही. घट्ट काळा पाषाण, त्यावर पोकळ्यांचा मांजऱ्या, मध्ये तांबड्या मातीचा पातळ थर, पुन्हा काळा पाषाण. असे प्रवाहावर प्रवाह. कोयनेजवळ गोठणे इथे वैज्ञानिक छिद्रण झालं तेव्हा ग्रॅनाइट लागेपर्यंत सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट पार करावा लागला. घट्ट पाषाणात पी-लहरीचा वेग सेकंदाला ५ किलोमीटरच्या आसपास; ३० हर्ट्झची तरंगलांबी सुमारे १६७ मीटर भरते. एकेक प्रवाह त्याहून पुष्कळ पातळ. एवढ्या लांब लहरीला प्रवाह वेगळे दिसत नाहीत, तिला दिसतो एकच सरासरी खडक, पण उभ्या आणि आडव्या दिशेने वेगळा. ही सरासरी काढण्याचं सूत्र बॅकसने १९६२ मध्ये दिलं. त्याच वेळी थराथरातली पुढेमागे होणारी परावर्तनं वरच्या वारंवारिता खाली पोहोचू देत नाहीत. ओ’डोहर्टी आणि ॲन्स्टी यांनी १९७१ मध्ये हे मांडलं. सौराष्ट्रात बेसाल्टखालचे मेसोझोइक गाळथर भूकंपीय पद्धतीने बघणं अवघड जातं त्यात याचा मोठा वाटा आहे.

आता बघा: घट्ट बेसाल्ट स्वतः फारशी ऊर्जा खात नाही. तरी अशा रचनेत स्पेक्ट्रमचा भागाकार केला तर खाली उतरणारी रेषा मिळते आणि क्यू कमी येतो. उष्णतेत काहीच गेलेलं नाही, लहर फक्त वाटेत पांगली. शिवाय थर आडवे असल्याने ही भासमान झीज उभ्या दिशेला जास्त, म्हणजे तिच्यातही दिशाभेद. तिला पाण्याच्या भेगा समजलात तर संपलं. यावर उपाय असा: सॉनिक आणि घनता लॉग घ्या, त्यांवरून झीज शून्य ठेवून कृत्रिम व्हीएसपी तयार करा, आणि त्यावर तीच खिडकी, तोच पट्टा, तीच पद्धत चालवा. जे १/क्यू येईल ते निव्वळ थरांचं. खऱ्या डेटातून ते वजा करा. १/क्यू वापरण्याचा हा आणखी एक फायदा: विखुरण्याची आणि उष्णतेची झीज १/क्यूमध्ये साधारणपणे बेरजेने येते, क्यूमध्ये नाही.

थोडं पुढचं

आडव्या थरांच्या खडकासाठी झू आणि त्स्वांकिन यांनी २००६ मध्ये झिजेसाठी, थॉमसेनने वेगाच्या दिशाभेदासाठी दिलेल्या मापांच्या धर्तीवर, तीन मापं मांडली. त्यातलं एप्सिलॉन-क्यू समजायला सोपं: उभा क्यू भागिले आडवा क्यू, उणे एक. फिनॉलिकसारखा आडवा क्यू उभ्याच्या दहापट असेल तर हे −०.९. शून्य म्हणजे या दोन दिशांत भेद नाही. डेल्टा-क्यू तितकं सरळ नाही. त्याच्या सूत्रात वेगाचा दिशाभेदही शिरतो. म्हणून वेगाचं काम आधी उरकल्याशिवाय डेल्टा-क्यूचे आकडे लिहू नका.

तिरक्या दिशांना आणखी एक गुंता आहे. दिशाभेद असलेल्या खडकात ऊर्जा ज्या दिशेने जाते आणि लहरीचं तोंड ज्या दिशेला असतं, त्या दोन दिशा एक नसतात. स्रोत आणि जिओफोन जोडणारी रेषा ऊर्जेची. वरची मापं लहरीच्या तोंडाच्या कोनावर लिहिलेली. प्रयोगशाळेतल्या ४५ अंशाच्या तुकड्यात हा फरक काही अंशांचाही असू शकतो. वेगाची मापं हाती असतील तर एका कोनातून दुसरा काढता येतो. काटकोनी आणि समांतर तुकड्यांत मात्र दोन्ही दिशा एकच, म्हणून पहिला प्रयोग त्याच दोहोंवर करावा.

अहवालात आकड्यासोबत वारंवारितेचा पट्टा, खिडकीची लांबी, जिओफोनांच्या खोल्या आणि लहरीचा उभा कोन लिहा. पट्टा न लिहिलेला क्यू दुसऱ्या कोणाच्या क्यूशी ताडून बघता येत नाही. दिशेचा आकडा चुकीसकट द्या. आणि चढउतार त्याच्याच चुकीच्या दुपटीपेक्षा कमी भरला, तर ‘या पट्ट्यात, या कोनाला दिशाभेद आढळला नाही’ असं स्पष्ट लिहून आलेख तसाच जोडा.